आधी पत्रक, मग संस्था : ‘द विकन’ ते ‘पेगन डॉन’

ब्रिटनमधल्या पेगन फेडरेशनची स्थापना १९७१ सालची. तिचे मुखपत्र मात्र तिच्याहून तीन वर्षांनी मोठे आहे. १९६८ साली ‘द विकन’ या नावाने निघालेले हे छोटेसे पत्रक आज ‘पेगन डॉन’ या नावाचे त्रैमासिक आहे. पेगन समाजाला देऊळ नव्हते, सर्वमान्य धर्मग्रंथ नव्हता, पगारी पुरोहित नव्हते आणि त्यातले बरेच लोक आपली श्रद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळू देत नव्हते. अशा विखुरलेल्या माणसांना एकत्र बांधण्याचे काम या पानांनी केले. नियतकालिकांचे ऋण मानणाऱ्या स्मरणिकेत त्यांची हकीकत आवर्जून नोंदवायला हवी.

पार्श्वभूमी

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी युरोपात अनेक देवदेवता पूजल्या जात. झरे, टेकड्या, झाडे यांना पवित्र मानले जाई. त्या जुन्या परंपरांपासून स्फूर्ती घेऊन विसाव्या शतकात जे पंथ उभे राहिले, त्यांना मिळून आधुनिक पेगन धर्म म्हणतात. विका हा त्यातला सर्वांत परिचित पंथ. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, ब्रिटनी या केल्टिक प्रदेशांच्या पुराणकथांशी नाते सांगणारे ड्रुइड हा दुसरा मोठा प्रवाह. उत्तर युरोपातल्या देवतांना मानणारे आणि देवीला सर्वोच्च मानणारे असे आणखीही प्रवाह आहेत.

इंग्लंडमध्ये चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ पर्यंत लागू होता. त्याच कायद्याखाली १९४४ साली, ऐन महायुद्धात, हेलन डंकन या प्रेतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईला तुरुंगात जावे लागले होते. १९५१ साली तो कायदा रद्द झाला आणि तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. गार्डनर यांची नोकरी मलायात जकात खात्यात झाली होती. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले. आपण एका जुन्या, गुप्त परंपरेत दीक्षा घेतली आहे, असे ते सांगत. त्यांच्या पुस्तकामुळे विका हा पंथ लोकांना माहीत झाला.

माहीत झाला, पण समजला नाही. रविवारच्या खपाऊ वृत्तपत्रांना हा विषय हाती लागला. नग्नता, काळी जादू, सैतान अशा मथळ्यांची रेलचेल सुरू झाली. मुळात सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना आहे आणि पेगन लोक सैतान मानतच नाहीत, एवढी साधी गोष्टही छापायला कोणी तयार नव्हते. आपली बाजू आपणच छापली पाहिजे, ही गरज तिथून निर्माण झाली.

पहिला प्रयत्न आणि त्याचा धडा

१९६४ हे या चळवळीच्या इतिहासातले वळणाचे वर्ष आहे. फेब्रुवारीत गार्डनर वारले. त्याच वर्षी रॉस निकल्स यांनी जुन्या ड्रुइड मंडळातून बाहेर पडून ‘बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड’ यांचा नवा संघ स्थापन केला. आणि त्याच वर्षी ‘विचक्राफ्ट रिसर्च असोसिएशन’ ही संस्था निघून तिचे ‘पेंटाग्राम’ हे पत्र सुरू झाले. गार्डनर यांच्या सहकारी आणि विकातल्या अनेक विधिपाठांच्या लेखिका डोरीन व्हॅलिएंट या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. वेगवेगळ्या परंपरांच्या लोकांनी एका व्यासपीठावर यावे, हा हेतू होता.

हेतू चांगला होता, पण माणसे एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. खरी परंपरा कोणाची, दीक्षा कोणाची अस्सल, यावर ‘पेंटाग्राम’च्या पानांतच वाद पेटले. थोड्याच काळात पत्र बंद पडले आणि संस्थाही विरली. व्हॅलिएंट यांनी यातून घेतलेला धडा पुढे उपयोगी पडला. कोणाची परंपरा किती जुनी, हा प्रश्न बाजूला ठेवल्याशिवाय एकत्र येता येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते.

‘द विकन’ची सुरुवात

१९६८ साली जॉन स्कोर यांनी ‘द विकन’ सुरू केले. पंथातल्या रिवाजाप्रमाणे ते स्वतःला फक्त ‘एम’ म्हणवत. गार्डनर यांच्या परंपरेतल्या मंडळांना एकमेकांची खबर मिळावी आणि वृत्तपत्रांतल्या बदनामीला उत्तर द्यावे, एवढाच सुरुवातीचा उद्देश होता.

त्या काळातली अशी पत्रके कशी निघत, हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. टाइपरायटरची फीत बाजूला करून मेणकागदाच्या स्टेन्सिलवर थेट टंकन करायचे. बोट जोरात पडले, की ‘ओ’ अक्षराच्या पोटातला मेणाचा ठिपका गळून पडे आणि छपाईत तिथे काळा डाग उमटे. चूक झाली, की लाल द्रवाचा हलका हात फिरवून, तो वाळेपर्यंत थांबून, पुन्हा तेच अक्षर मारायचे. मग स्टेन्सिल सायक्लोस्टाईल यंत्राच्या शाईच्या पिंपावर चढवून हाताने दांडा फिरवायचा. ओलसर कागद टेबलावर गठ्ठ्यांनी मांडायचे, भोवती फिरत एकेक पान उचलून अंक जुळवायचा, पिन मारायची, घडी घालायची. हे सारे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात किंवा बैठकीच्या खोलीत, नोकरीधंदा सांभाळून, रात्री चाले. जाहिरातीचे उत्पन्न नव्हते आणि सरकारी अनुदानाचा प्रश्नच नव्हता. वर्गणी आली, की पुढच्या अंकाचा कागद आणि तिकिटे यायची.

अंक पोचवणे हे छापण्याहून नाजूक काम होते. शाळेत शिकवणाऱ्या, रुग्णालयात काम करणाऱ्या किंवा घरमालकाच्या मर्जीवर राहणाऱ्या वर्गणीदाराच्या पाकिटावर पत्राचे नाव दिसले, तर त्याची नोकरी किंवा घर धोक्यात येऊ शकत होते. म्हणून साधे पाकीट वापरायचे. संपादकाचा घरचा पत्ताही छापायचा नाही. लंडनमध्ये १९२५ पासून चालत आलेली ‘ब्रिटिश मोनोमार्क्स’ ही सेवा इथे कामी आली. तिच्याकडे थोडी फी भरली, की ‘बी.एम.’ या अक्षरांनी सुरू होणारा पत्ता मिळतो. पत्रे तिथे येतात आणि तिथून ती मालकाच्या खऱ्या पत्त्यावर पाठवली जातात. पेगन चळवळीतल्या कितीतरी पत्रांचा पत्ता वर्षानुवर्षे हाच राहिला.

एखाद्या लहान गावात एकटीच असलेली बाई या पत्त्यावर पत्र टाकी. ते पत्र तिच्या भागातल्या विश्वासू माणसाकडे जाई. तो आधी उलट पत्र लिही. दोनचार पत्रांतून खात्री पटली, की चहाच्या दुकानात किंवा पबमध्ये भेट ठरे. एखाद्या मंडळात प्रवेश मिळायचा तो बहुधा यानंतर. टपाल हेच या समाजाचे सभागृह होते आणि संपादक त्याचा दारवान.

पत्रकातून संस्था

१९७० च्या सुमारास ब्रिटिश संसदेत चेटकाविरुद्ध पुन्हा कायदा करावा, अशी भाषा सुरू झाली. वृत्तपत्रांतले आरोप एक वेळ सहन करता येत होते. कायदा परत आला असता, तर वीस वर्षांत मिळालेले सारे गेले असते. एकट्या पत्रकाच्या बळावर हे थोपवता येणार नव्हते. खासदारांना भेटायला, निवेदन द्यायला, लोकांच्या वतीने बोलायला संस्था हवी होती.

१ मे १९७१ रोजी, बेल्टेन या केल्टिक सणाला, लंडनच्या चिझिक भागात बैठक झाली. अध्यक्षस्थानी डोरीन व्हॅलिएंट होत्या. ‘पेगन फ्रंट’ ही संस्था स्थापन झाली आणि ‘द विकन’ तिचे मुखपत्र झाले. सभासद होण्यासाठी परंपरा कोणती, दीक्षा कोणाची, हे विचारायचे नाही असे ठरले. कोणालाही इजा न करता आपल्या इच्छेप्रमाणे जगावे, सर्व निसर्गाशी आपले नाते आहे आणि पुनर्जन्म आहे, या तीन गोष्टी मान्य असणे पुरेसे मानले गेले. ही तत्त्वे पुढे बदलली. पुनर्जन्माचे कलम गेले आणि देवत्व पुरुषरूपाइतकेच स्त्रीरूपातही आहे, हा विचार आला. मात्र तीनच वाक्यांत सर्वांना सामावून घेण्याची रीत टिकली. ‘पेंटाग्राम’च्या वेळी जे साधले नव्हते, ते इथे साधले.

व्हॅलिएंट यांनी स्वतः खासदारांशी बोलून आपली बाजू मांडली. कायदा झाला नाही. १९८१ साली संस्थेने ‘पेगन फेडरेशन’ हे नाव घेतले.

प्रूडन्स जोन्स यांचा काळ

१९७९ साली जॉन स्कोर वारले. एकखांबी तंबूसारखी चालणारी नियतकालिके संपादकाबरोबरच संपतात. ‘द विकन’ संपले नाही, याचे मोठे श्रेय प्रूडन्स जोन्स यांना आहे. पुढची सुमारे बारा वर्षे त्यांनी संस्थेचे नेतृत्व केले. लिओनोरा जेम्स या नावानेही त्या वावरत. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक असल्याने त्यांना शब्द तोलून वापरण्याची सवय होती. पेगन विचार म्हणजे काय, हे त्या बाहेरच्यांना समजेल अशा नेमक्या भाषेत मांडत. नायजेल पेनिक यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला पेगन युरोपचा इतिहास १९९५ साली प्रसिद्ध झाला.

याच काळात पत्रकाने आपली कूस बदलली. सुरुवातीला ते गार्डनर यांच्या परंपरेचे पत्र होते आणि विकाचीच दुसरी शाखा काढणाऱ्या अॅलेक्स सँडर्स यांच्या शिष्यपरंपरेशी त्या लोकांचे फारसे पटत नव्हते. हळूहळू ती धार बोथट झाली. ड्रुइड, एकट्याने साधना करणारे, कोणत्याही मंडळात नसलेले असे सारे वाचक होत गेले.  आपण कोणाच्या विरोधात आहोत, यापेक्षा आपण कोणासाठी आहोत, हा प्रश्न संपादकांनी पुढे ठेवला, म्हणून हे शक्य झाले.

कसोटीची वर्षे

संस्थेची खरी कसोटी १९८८ ते १९९४ या काळात लागली. सैतानपूजक टोळ्या मुलांचा छळ करतात, बळी देतात, अशी भीती अमेरिकेतून ब्रिटनमध्ये येऊन पोचली. १९८८ साली जेफ्री डिकन्स या खासदाराने संसदेत चेटकाविरुद्ध आवाज उठवला. १९९० साली रॉचडेल शहरात सुमारे वीस मुलांना त्यांच्या घरांतून नेण्यात आले. २७ फेब्रुवारी १९९१ रोजी ऑर्कनी बेटांवर पहाटे नऊ मुलांना उचलण्यात आले. न्यायालयाने ऑर्कनीचे प्रकरण एप्रिलमध्ये फेटाळले आणि मुले घरी परतली.

या कुटुंबांचा पेगन पंथांशी संबंध नव्हता. पण सैतान आणि विका यांतला फरक न समजणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती उद्या आपली मुले सापडू शकतात, ही भीती प्रत्येक पेगन आईबापाच्या मनात बसली. अंगणात पाच टोकांचा तारा दिसला, एवढे कारणही पुरेल, असे वाटत होते. फेडरेशनने त्या काळात केलेले काम साधे आणि चिकाटीचे होते. पोलिसांसाठी, समाजकार्यकर्त्यांसाठी, पत्रकारांसाठी माहितीपुस्तिका काढली. आपण कोण आहोत, काय मानतो, काय मानत नाही, आपले सण कोणते, मुलांना विधींत कसे सामील करून घेतो, हे सोप्या भाषेत लिहिले. मुखपत्रातून सभासदांना सांगितले, की गप्प बसू नका आणि भांडूही नका, समजावून सांगा.

१९९४ साली मानवशास्त्रज्ञ जीन ला फाँटेन यांचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी ८४ प्रकरणे तपासली होती. सैतानपूजेतून मुलांचा छळ झाल्याचा पुरावा एकाही प्रकरणात मिळाला नाही. केवळ तीन प्रकरणांत विधीसारखे काही आढळले आणि तिथेही गुन्हेगाराने आपल्या कृत्यासाठी विधीचा आडोसा घेतला होता. भीतीचा पाया निघून गेला.

त्याच वर्षी ‘द विकन’चे नाव ‘पेगन डॉन’ झाले. एका पंथाचे नाव आता सर्वांना पुरेसे नव्हते.

चार सण, चार अंक

‘पेगन डॉन’ वर्षातून चार वेळा निघते आणि त्याच्या तारखा केल्टिक सणांना बांधलेल्या आहेत. साविन हा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होणारा सण. हिवाळ्याच्या तोंडावर मृतांचे स्मरण करण्याचा. इम्बोल्क फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ब्रिजिट देवीचा. मेंढ्यांना दूध येण्याचे ते दिवस. बेल्टेन १ मेला, उन्हाळ्याच्या स्वागताच्या आगींचा. लूनसा १ ऑगस्टला, लू देवाच्या नावाने पहिल्या कापणीचा. मध्ययुगीन आयरिश साहित्यात या चार सणांचे उल्लेख आहेत. दोन अयने आणि दोन संपात जोडून आठ सणांचे जे वर्षचक्र आज पेगन लोक पाळतात, त्याची घडी मात्र १९५० च्या दशकात बसली. त्यात गार्डनर यांच्या मंडळाचा आणि त्यांचे मित्र रॉस निकल्स यांचा वाटा आहे.

सणाला अंक काढण्याची रीत १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपल्या परिचयाची आहे. आपला दिवाळी अंक सणाची शोभा वाढवतो. तिकडे सणाची आठवण करून देण्याची जबाबदारीच अंकावर होती. ज्याच्या गावात दुसरा पेगन नाही, त्याला साविनच्या अंकातून सण कसा करावा, कोणत्या कथा वाचाव्यात, जवळच्या कोणत्या शहरात मेळावा आहे, हे कळे. मासिक बैठकांची, म्हणजे पबमध्ये भरणाऱ्या ‘मूट’ची यादी ज्या पानावर असे, ते पान कितीतरी वाचक सर्वांत आधी उघडत.

सांगाती नियतकालिके

या काळात ‘पेगन डॉन’ एकटे नव्हते. मॅरियन ग्रीन यांचे ‘क्वेस्ट’ १९७० साली सुरू झाले. मायकेल हॉवर्ड यांनी १९७६ साली ‘द कॉल्ड्रन’ काढले आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. लोककथा, जुने चेटूक, खेड्यातले जाणते वैद्य यांवरच्या त्यातल्या लेखांचा अभ्यासकांनाही उपयोग झाला. आयर्लंडमध्ये कार्लो परगण्यातल्या क्लोनेगल किल्ल्यात १९७६ साली ऑलिव्हिया रॉबर्टसन, त्यांचे बंधू लॉरेन्स आणि वहिनी पॅमेला यांनी ‘फेलोशिप ऑफ आयसिस’ स्थापन केली. तिचे ‘आयसियन न्यूज’ देशोदेशीच्या सभासदांकडे जाई. निकल्स यांच्या मृत्यूनंतर मंदावलेला ड्रुइड संघ १९८८ साली फिलिप कार-गॉम यांनी टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमाच्या आधाराने पुन्हा उभा केला आणि ‘टचस्टोन’ हे त्याचे सभासदांसाठीचे पत्र झाले.

अटलांटिकपलीकडे, योगायोगाने १९६८ सालीच, मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात ‘ग्रीन एग’ निघाले. चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्सचे टिम झेल हे त्याचे संपादक. वाचकांच्या पत्रांना त्यांनी एवढी जागा दिली, की एकमेकांना कधीही न भेटलेली मंडळे तिथे वर्षानुवर्षे वाद घालत आणि त्यातून ओळखी घट्ट होत. १९७६ साली ऐंशी अंकांनंतर ते थांबले आणि १९८८ साली पुन्हा सुरू झाले. दोन खंडांत, दोन वेगळ्या स्वभावांच्या संपादकांनी, एकाच वर्षी एकाच गरजेला उत्तर दिले होते.

इतिहासाशी प्रामाणिकपणा

या नियतकालिकांच्या कामगिरीत एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. विका ही अश्मयुगापासून अखंड चालत आलेली परंपरा आहे, असे सुरुवातीचे बहुतेक अनुयायी मानत. चेटूक हा युरोपातला प्राचीन धर्मच होता, असे मांडणाऱ्या मार्गारेट मरे यांच्या १९२१ सालच्या पुस्तकाचा त्यांना आधार होता. इतिहाससंशोधकांनी तो सिद्धांत मोडून काढला. १९९९ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या रोनाल्ड हटन यांनी ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात विका हा आधुनिक इंग्लंडमध्ये घडलेला धर्म असल्याचे सविस्तर दाखवले. आपल्या श्रद्धेच्या उगमाविषयीचे असे निष्कर्ष पचवणे कोणत्याही समाजाला सोपे नसते. पेगन नियतकालिकांनी हा वाद दडपला नाही. परीक्षणे आली, विरोधी पत्रे आली, अभ्यासकांचे लेख आले. धर्म नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही, या समजुतीपर्यंत बहुसंख्य वाचक पोचले ते या पानांवरच्या चर्चेतून.

आज

२००१ पासून इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत धर्माचा ऐच्छिक प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी ‘आधी पेगन लिहा, मग आडवी रेघ आणि आपला पंथ’ अशी मोहीम राबवली गेली. त्या वर्षी ५६,६२० जणांनी स्वतःला पेगन म्हटले आणि ११,७६६ जणांनी विकन. २०२१ साली पेगन सुमारे ७४,००० आणि विकन सुमारे १३,००० झाले. २०१० साली ‘द ड्रुइड नेटवर्क’ला धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी मिळाली. फेडरेशनचे स्वयंसेवक तुरुंगांत आणि रुग्णालयांत पेगन व्यक्तींना भेटायला जातात. डोरीन व्हॅलिएंट ब्रायटनमध्ये ज्या इमारतीत राहत, तिथे २०१३ साली त्यांच्या नावाचा निळा फलक लागला. मेणकागदावर टंकलेल्या पत्रकाने ज्या मान्यतेसाठी धडपड सुरू केली, ती बऱ्याच अंशी मिळाली आहे.

हा इतिहास आज सांगता येतो, कारण काही वर्गणीदारांनी ते साधे, डागाळलेले अंक फेकून दिले नाहीत. असे हौशी अंक मोठ्या ग्रंथालयांपर्यंत क्वचितच पोचत. कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसल गावी जादू आणि चेटूक यांचे जे संग्रहालय आहे, त्याच्या ग्रंथालयासारख्या ठिकाणी अशी नियतकालिके जतन होतात. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्या गावात आलेल्या महापुरात संग्रहालयातही पाणी घुसले होते. कागद किती सहज जातो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. आपल्या घरात, माळ्यावर, वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटात एखाद्या छोट्या मंडळाचे, पंथाचे, चळवळीचे जुने अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. अंक क्रमाने लावा, गहाळ अंकांची यादी करा आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला कळवा. लहान समाजांचा इतिहास फार वेळा तेवढ्याच कागदांत शिल्लक असतो.